जामीन मंजूर, तरी माणूस आतच

एका ऊसतोड मजुराला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जामीन मिळाला. कारागृहाच्या दारातून तो बाहेर पडला जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यावर. मधले पाच महिने तो आत का होता, हे त्याच्या बायकोला कळत नव्हतं आणि टोळीच्या मुकादमालाही सांगता येत नव्हतं. कोर्टाने तर सोडा असंच लिहिलं होतं.

मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. वकील नाही. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासोबत कोर्टात, पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत जायचं, अर्ज कुठे द्यायचा ते सांगायचं, असं हे काम. विधी सेवा प्राधिकरण थोडं प्रशिक्षण देऊन आमच्यासारख्यांना नेमतं. या कामात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच: "ताई, गुन्हा शाबित झालेला नाही, मग आमचा माणूस आत कसा?" त्याचं उत्तर शक्य तेवढ्या सोप्या भाषेत मांडते. तुरुंगातली गर्दी कमी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, तेही त्यातूनच उलगडत जातं.

कच्चा आणि पक्का

तुरुंगात दोन प्रकारची माणसं असतात. ज्यांचा खटला संपला, दोष सिद्ध झाला आणि शिक्षा लागली, ते पक्के कैदी. ज्यांचा खटला अजून चालायचाय किंवा चालू आहे, ते कच्चे कैदी. तुरुंगाच्या रजिस्टरात त्यांना न्यायबंदी म्हणतात. कायद्याच्या नजरेत कच्चा कैदी निर्दोषच असतो, तुमच्या-माझ्याइतका.

आता आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसं होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. आत असलेल्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे, म्हणजे दर चारांतले तीन. पुन्हा एकदा हे दोन आकडे शेजारी ठेवा: देशातल्या सगळ्या तुरुंगांची एकूण क्षमता आणि कच्च्या कैद्यांची संख्या जवळजवळ सारखीच आहे. दोष सिद्ध न झालेल्या माणसांनीच सगळे तुरुंग भरून गेलेत. पक्क्यांना ठेवायचं ते त्यावर.

महाराष्ट्रात त्या वर्षी ४१ हजारांच्या आसपास कैदी होते आणि जागा होती साधारण २५ हजारांची. त्यातले ३२,८८३ कच्चे. कच्च्या कैद्यांच्या संख्येत उत्तर प्रदेश आणि बिहारनंतर आपलाच नंबर. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची मूळ क्षमता ८०४, तिथे तीन हजारांवर माणसं राहिली आहेत. अशा बराकीत रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला हलवावं लागतं.

कच्च्या कैद्याची स्थिती पक्क्यापेक्षा बरी असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच बाबतींत ती वाईट असते. पक्क्याला सुटकेची तारीख माहीत असते. चांगल्या वर्तणुकीची माफी मिळते, संचित रजा मिळते (फर्लो म्हणतात ती हीच), अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मिळतो. कामाची मजुरी मिळते, आणि बरीच वर्षं नीट काढली तर खुल्या कारागृहात जाता येतं. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ साली औंध संस्थानात उभं राहिलं आणि भिंत नसलेल्या तुरुंगाची वाट महाराष्ट्रानेच देशाला दाखवली, हा आपल्या अभिमानाचा भाग आहे. पण ती वाट शिक्षा झालेल्यांसाठी. कच्च्याला काम सक्तीचं नाही, म्हणून सहसा मजुरीही नाही. रजा नाही, माफी नाही. घरात मयत झालं तरी तात्पुरत्या जामिनासाठी कोर्टाकडे अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत बहुतेक वेळा दहावा उरकलेला असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार आत असलेल्या माणसाला मतदान करता येत नाही, मग तो कच्चा असो की पक्का. त्याच तुरुंगात बसून कच्च्या कैद्याला निवडणूक मात्र लढवता येते! ही सोय कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या नाही, हे वेगळं सांगायला नको.

पहिलं दार: अटक

ऊसतोडीच्या त्या मजुराची गोष्ट मधून मधून सांगत जाते. त्याचं नाव, गाव, कोर्ट काहीही सांगणार नाही. बीड जिल्ह्यातला माणूस. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात टोळीबरोबर आलेले. डिसेंबरमध्ये एका विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. केबलमधल्या तांब्याला भाव असतो, त्यामुळे या चोऱ्या फार. संशय टोळीवर गेला. तिघांना उचललं.

साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. अटक का गरजेची आहे ते पोलिसांनी लेखी लिहायचं, आणि गरज नसेल तर नुसती नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं. दंडाधिकाऱ्यानेही ती कारणं वाचल्याशिवाय कोठडी द्यायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नोटिशीची ही तरतूद आहे, कलम ३५ मध्ये.

पण नोटीस मिळते ती पत्ता असलेल्या माणसाला. पाचटाच्या खोपीला घर नंबर नसतो. "आरोपी बाहेरगावचा आहे, कायमचा पत्ता येथील नाही, फरार होण्याची शक्यता" एवढं एक वाक्य रिमांड रिपोर्टात, म्हणजे कोठडी मागणाऱ्या पोलिसांच्या अहवालात, आलं की अटक समर्थनीय ठरते. फिरस्ती माणसं, बांधकाम मजूर, पालात राहणारे पारधी, फूटपाथवर झोपणारे: या सगळ्यांना तेच वाक्य लागू पडतं. पारध्यांसारख्या जमातींवर तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पहिली गाडी अजून पालावरच जाते. जातीवरून तुरुंगात कामं वाटण्याचे आणि विमुक्तांना, म्हणजे हा शिक्का निघालेल्या जमातींना, सराईत गुन्हेगार समजण्याचे नियम काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत टिकून होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे परवा-परवा. दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचा कच्च्या कैद्यांतला वाटा त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त दिसतो. त्याची सुरुवात या पहिल्या दारातच होते.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं असतं. तिथून आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. कोर्टाच्या व्हरांड्यात याला पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. एमसीआर झाला की माणूस तुरुंगात जातो आणि जामिनाचा अर्ज करायची वेळ येते.

जामीन म्हणजे सुटका नव्हे

जामीन म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करूया. खटला चालेल तेव्हा मी हजर राहीन, साक्षीदारांना त्रास देणार नाही, या हमीवर खटल्याच्या काळात बाहेर राहायची ती परवानगी असते. आरोपी पळून जाईल का, पुरावा नष्ट करेल का, साक्षीदाराला धमकावेल का, पुन्हा तसंच करेल का, हे प्रश्न कोर्टाने विचारायचे असतात. उत्तर "नाही" असेल तर आत ठेवायचं कारण उरत नाही. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे तत्त्व न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्येच मांडलं.

काही गुन्हे जामीनपात्र असतात. त्यांत जामीन हा हक्कच आहे, आणि अशा प्रकरणात अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर माणूस गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं असतं. कोर्टात याला पी. आर. बाँड म्हणतात. बाकीच्या अजामीनपात्र गुन्ह्यांत जामीन न्यायाधीशांच्या विवेकावर. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि त्यापायी कित्येक घरं अर्जच करत नाहीत.

अर्ज केला तरी तो त्याच दिवशी ऐकला जाईल असं नाही. सरकारी वकिलांचं म्हणणं मागवलं जातं. त्याला "से" म्हणतात. से आला नाही म्हणून तारीख, तपासी अंमलदार बंदोबस्ताला म्हणून तारीख, मग आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात म्हणून तारीख. यात कोणीच वाईट वागत नसतं. फक्त दर तारखेला आतल्या माणसाचा आठवडा जातो.

दहशतवाद, आर्थिक गैरव्यवहार, अमली पदार्थ यांच्यासाठी जे खास कायदे आहेत, त्यांत तर गणितच उलटं आहे. तिथे जामीन द्यायच्या आधीच आरोपी प्रथमदर्शनी दोषी दिसत नाही असं कोर्टाचं समाधान व्हावं लागतं. अशा प्रकरणांतही सरकारला खटला वेळेत चालवता येत नसेल तर निव्वळ गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुनावलं. तो आरोपी चार वर्षं आत होता आणि आरोप निश्चितीसुद्धा झाली नव्हती. या कायद्यांवर वेगळं लिहावं लागेल, इथे तेवढी जागा नाही.

जामीनदार आणायचा कुठून

आपल्या मजुराला महिन्याभरात जामीन मंजूर झाला. आदेशात लिहिलं होतं: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम स्थानिक जामीनदार.

तीन शब्द. सक्षम, स्थानिक, जामीनदार. या तीन शब्दांत पाच महिने गेले.

जामीनदार म्हणजे काय ते आधी सांगते. आरोपी तारखेला आला नाही तर ती रक्कम मी भरीन, असं कोर्टाला लिहून देणारा माणूस. त्याची तेवढी ऐपत आहे हे त्याने कागदाने दाखवायचं. सातबारा किंवा घराचा उतारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो, नोकरी असेल तर पगारपत्रक. रक्कम मोठी असेल किंवा साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, मागितलाच तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, आणि त्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल. एकदा जामीन राहिलं की कोर्टाचा कारकून रेशनकार्डाच्या मागे किंवा सातबाऱ्यावर तशी नोंद करतो, म्हणजे तोच कागद दुसऱ्यासाठी वापरता येऊ नये. ती नोंद, तो शिक्का बघूनच लोक मागे सरतात. सख्ख्या भावाने सुद्धा "उद्या माझ्या पोराला लागलं तर?" असं विचारलेलं मी ऐकलंय. त्याचंही चुकत नाही.

आमच्या मजुराच्या बायकोने आधी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, माझीच उचल अडकलीय, मी अजून जामीन कशाला राहू. ज्यांच्या शेतात तोड चालू होती त्या शेतकऱ्याला विचारलं. चोरीचा मामला म्हटल्यावर त्याने हात जोडले. मग गावाकडून दीर आला, सातबारा घेऊन. दोन एकर कोरडवाहू, सातबाऱ्यावर अकरा नावं, वाटण्या झालेल्या नाहीत. सामाईक क्षेत्र आणि परजिल्ह्यातलं, म्हणून कागद परत आला. दीर रात्रीच्या एसटीने परतला. कोर्टाच्या आवाराबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे भाडोत्री लोक असतात. त्यांच्यातल्या एकाने सहा हजार सांगितले. तेवढे असते तर एव्हाना वकील लावला असता, असं ती मला म्हणाली.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी ट्रकात बसून गावी निघाली. तिलाही जावं लागलं, लेकरं आजीकडे होती. नवरा इथेच आत राहिला.

परजिल्ह्यातला जामीनदार नको, हा प्रश्न १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गवंडी. सर्वोच्च न्यायालयानेच त्याला जामिनावर सोडायला सांगितलं होतं. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. कृष्ण अय्यर यांचा निकाल आजही वाचावा असा आहे. दक्षिणेतला माणूस बस्तरमध्ये किंवा चांदनी चौकात पकडला गेला तर त्याने तिथला जमीनजुमलेवाला ओळखीचा आणायचा कुठून, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांनी मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. त्यानंतर जवळपास अर्धशतक उलटलं, आणि बीडच्या माणसाला महाराष्ट्रातच, चार जिल्हे ओलांडल्यावर, तीच अडचण आली.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांतली अवस्था सर्वोच्च न्यायालयापुढे आली. पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी वर्तमानपत्रात लिहिलं होतं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून खटला तो हाच. काही माणसं अशी होती की गुन्हा शाबित होऊन जास्तीत जास्त शिक्षा लागली असती तरी तिच्याहून अधिक वर्षं ती कच्चे कैदी म्हणून काढून बसली होती. जलद खटला हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी तिथे ठरवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात मॅनहॅटन बेल प्रकल्प म्हणून प्रयोग झाला होता. आरोपीकडे पैसे किती, हे बघण्याऐवजी तो कुठे किती वर्षं राहतो, घरी कोण आहे, काम काय करतो, त्याला ओळखणारं कोण आहे, हे बघून जातमुचलक्यावर सोडायचं. भगवतींनी तो दाखला देऊन आपल्या कोर्टांनीही माणसाची मुळं बघावीत असं सुचवलं.

मला यातलं मर्म फार महत्त्वाचं वाटतं. पळून जायला पैसा लागतो, ओळखी लागतात, दुसरीकडे आयुष्य उभं करायची ताकद लागते. ज्याची म्हातारी आई गावात आहे, पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि पुढच्या हंगामाची उचल अंगावर आहे, तो जाणार कुठे?

आदेश आणि दरवाजा यांच्यामधलं अंतर

समजा जामीनदार मिळाला, कागद झाले. तरी सुटकेचा आदेश कोर्टातून तुरुंगात पोचायचा असतो. आर्थर रोडच्या दारात एक पेटी आहे, जामीन पेटी. सुटकेचे आदेश तिच्यात टाकायचे आणि ती ठरलेल्या वेळी उघडायची. सगळ्या देशाला ही पेटी दिसली ऑक्टोबर २०२१ मध्ये, शाहरुख खान यांचा मुलगा आर्यन आत होता तेव्हा. उच्च न्यायालयाने २८ तारखेला जामीन दिला. २९ ला अभिनेत्री जुही चावला जामीनदार म्हणून उभ्या राहिल्या. कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीपर्यंत पोचले नाहीत, आणि सुटका ३० च्या सकाळी झाली. पुढे त्याच्याविरुद्ध आरोपपत्रच दाखल झालं नाही. दोन दिवसांच्या उशिरावर तेव्हा वाहिन्यांनी तासन्तास चर्चा केली. ती योग्यच होती, एक दिवसही कोणाचा असा जाऊ नये. फक्त त्या दोन दिवसांतही त्याच भिंतीच्या आत जामीनदाराविना थांबलेली माणसं होती.

यावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी जे निर्देश दिले, ते प्रत्येक कच्च्या कैद्याच्या घरच्यांना तोंडपाठ असायला हवेत. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकाकडे पाठवायची, म्हणजे कैद्याला ती मिळेल. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून प्रकरण पुन्हा हातात घेऊन अट सैल करायचा विचार करू शकतं. आणि स्थानिकच जामीनदार हवा हा आग्रह सुटकेला उशीर होण्याचं एक कारण आहे, अशा प्रकरणांत तो धरू नये, हेही त्यात स्पष्ट आहे.

त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तेव्हाच्या नियमांप्रमाणे जामिनाची रक्कम भरता येत नसेल तर ४० हजारांपर्यंत, आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत. जिल्ह्यातली समिती नाव मंजूर करते. खास कायद्यांखालचे काही गुन्हे वगळलेत. योजना चांगली, पण बहुतेक राज्यांनी तिचा पुरेसा वापर केला नाही, असं खुद्द केंद्राच्या गृह मंत्रालयानेच राज्यांना लिहिलं. मला दिसणारं एक कारण सांगते. आदेशात जामीनदार मागितला असेल तर सरकारी पैशाने जामीनदार तयार होत नाही. आधी अट बदलून घ्यावी लागते, आणि तो अर्ज करणारं कोणी नसतं.

तारीख, तारीख

ज्याला जामीन नाही किंवा मिळून उपयोग नाही, तो खटल्याची वाट बघतो. खालच्या न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये म्हटलं होतं, आज आपण त्याच्या निम्म्यालाही पोचलेलो नाही.

पण सगळं न्यायाधीशांच्या संख्येवर ढकलून चालणार नाही. कैद्याला कोर्टात न्यायला पोलीस पार्टी लागते. सभा, सण, निवडणूक असली की पार्टी मिळत नाही. आरोपी गैरहजर, म्हणून साक्षीदार आलेला असूनही परत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातला असा एक कैदी आला, की ज्याच्या खटल्याच्या १०२ तारखांपैकी बहुतेक तारखांना त्याला हजरच केलेलं नव्हतं, ना प्रत्यक्ष, ना व्हिडिओवर. त्याला जामीन देताना न्यायालयाने गृह खात्याला आणि उच्च न्यायालयाच्या प्रशासनाला यावर पक्की व्यवस्था बसवायला सांगितलं. देशभरात २०२२ अखेर पाच वर्षांहून अधिक काळ आत असलेले कच्चे कैदी अकरा हजारांवर होते.

या वाट बघण्यातून एक भयंकर गोष्ट घडते. किरकोळ चोरीत आठ-दहा महिने काढलेला माणूस एक दिवस कोर्टात उभा राहून म्हणतो, साहेब, गुन्हा कबूल. कच्चा म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्यामुळे भोगली तेवढीच शिक्षा आणि आज संध्याकाळी घरी. लढायचं म्हटलं तर आणखी वर्ष. केलं असो वा नसो, तो कबूल करतो. त्या दिवशी तो सुटतो, पण आयुष्यभराचा शिक्का घेऊन. पुढच्या वेळी परिसरात काही घडलं की पहिलं नाव त्याचं.

तुरुंगात वर्षानुवर्षं वाट बघावी लागू नये म्हणून कायद्याने मर्यादा घातलेली आहे. पोलिसांनी साठ दिवसांत, दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर जामीन मागण्याचा हक्क आपोआप तयार होतो. मात्र मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. दुसरी मर्यादा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसाने जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडायचं, इतरांना अर्धा काळ झाल्यावर. साध्या चोरीला तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा आलेल्याला एक वर्ष. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. हा काळ भरला की तुरुंग अधीक्षकाने स्वतः कोर्टाला लेखी अर्ज करायचा आहे, आणि कायदा येण्याआधीपासून आत असलेल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

ऐकायला सुरेख वाटतं. पण त्याच कलमात एक खुंटी मारून ठेवलीय: एकाहून जास्त गुन्ह्यांत किंवा एकाहून जास्त खटल्यांत चौकशी बाकी असेल तर या कलमाखाली सुटका नाही. पोलिसांच्या एका फिर्यादीत चार-पाच कलमं सहज असतात. मग एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं. माझ्या मते ही ओळ काढून टाकायला हवी. गंभीर प्रकरणात कोर्टाला नाही म्हणायचा अधिकार त्याच कलमात आहेच.

"मग काय सगळे मोकाट सोडायचे?"

हा प्रश्न मला माझ्या घरातही विचारला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या बाईला नवऱ्याने जाळायचा प्रयत्न केला, तिला तो आठवड्यात दारात दिसला तर तिने जगायचं कसं? साक्षीदाराच्या घरासमोर आरोपीची माणसं गाड्या लावून बसतात, हेही मी पाहिलंय. अशा वेळी कोठडीच हवी. तिथे हयगय नको.

पण विहिरीवरची केबल, पाच ग्रॅमचं कानातलं, दुकानातला मोबाइल, भावकीतली हाणामारी, अशा प्रकरणांतली माणसं बराकी भरतात आणि कोर्टाचा, पोलीस पार्टीचा, सरकारी वकिलाचा वेळ खातात. त्या गर्दीमुळे जाळलेल्या बाईचा खटलाही सहा-सहा वर्षं रेंगाळतो. करोनाच्या वर्षात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात दहा हजारांहून जास्त कैदी तात्पुरते सोडले गेले. म्हणजे ठरवलं तर यादी करता येते.

लहान गुन्ह्यांना तुरुंगाशिवाय दुसरा मार्ग कायद्यात आहे, तोही नवा नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा पहिल्यांदा चुकलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची मुभा देतो. गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आलीय: पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलीच वेळ, वस्तू परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. आणि जामिनासाठी एक स्वतंत्र, सुटसुटीत कायदा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल खटल्यात सरकारला सुचवलं. तसा कायदा अजून झालेला नाही. तो झाला आणि त्यात स्थानिक जामीनदाराऐवजी माणसाची मुळं बघायची सक्ती आली, तर माझ्यासारखीचं निम्मं काम संपेल, आणि मला त्याचा आनंदच होईल.

घरचं कोणी आत असेल तर

विधी सेवेची मोफत मदतवाहिनी १५१०० लक्षात ठेवा. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला मोफत वकील हा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात लोक अभिरक्षक कार्यालय असतं, तिथे विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेले बचावाचे वकील बसतात. त्यांना तीन गोष्टी विचारा. अटक कोणत्या तारखेला झाली आणि साठ किंवा नव्वद दिवस कधी भरतात? जामीन झालाय का, झाला असेल तर अट नेमकी काय आहे? पहिलीच वेळ असेल तर एक तृतीयांश कधी होतं? अट पेलत नसेल तर ती बदलायचा अर्ज त्याच दिवशी द्या. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांची तपासणी करणारी समिती असते. तुमच्या माणसाचं नाव तिच्या यादीत आलंय का, हेही विचारा.

त्या मजुराचं नाव मला अशाच एका यादीत दिसलं, मे महिन्यात. नावापुढच्या रकान्यात चार शब्द होते: जामीन मंजूर, जामीनदार नाही. लोक अभिरक्षकांनी अट बदलायचा अर्ज टाकला. सोबत काय जोडलं? गावच्या ग्रामसेवकाचा रहिवासी दाखला, सरपंचांचं पत्र, मुलांच्या शाळेचे बोनाफाइड. सगळं दिराने व्हॉट्सअॅपवर पाठवलं, मी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढले, एकशे दहा रुपये झाले. दुसऱ्या तारखेला साहेबांनी पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सोडायचा आदेश दिला. जामीनदाराची अट गेली.

कारागृहाच्या दारात त्याला त्याच्या वस्तू परत मिळाल्या: पाकीट, कमरेचा करदोडा आणि मोबाइल. मोबाइल चार्ज नव्हता. त्याने माझ्या फोनवरून घरी फोन केला आणि बराच वेळ नुसता "हां, हां" म्हणत राहिला.

खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला तो बीडहून रात्रीच्या गाडीने येतो, सकाळी स्टँडवरच तोंड धुतो आणि साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असतो. परवा त्याची पाचवी तारीख होती. साहेब रजेवर होते. शिपायाने पुढची तारीख सांगितली. त्याने ती एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतली आणि दीडची गाडी पकडायला निघाला.